वरचा पैसा

कलाकेंद्रातून परतलेल्या माणसाला त्याचे दोस्त हमखास विचारतात, 'पैसे वसूल झाले का?' हा प्रश्न तिकिटाचा नसतो, जादा पैशाचा असतो. आधी सर्वांसमोर बारी होते. मग ज्याच्या खिशात दम आहे तो एखादी पार्टी निवडतो, खासगी बैठक लावतो, फर्माईश करतो आणि दौलतजादा करतो. डान्सबारमध्ये हेच काम नोटा उधळून होते. या जादा पैशाचा हिशेब आजवर गिऱ्हाईकाने आपल्या बाजूने केला. मला तो नाचणारीच्या बाजूने मांडायचा आहे. कारण नाचणारी बहुधा आपल्यातलीच असते.

जादा पैशाने नेमके काय विकत मिळते? गाणे तर समोरच्या मंचावरही तेच असते. माझे उत्तर असे आहे की, गिऱ्हाईक मालकीचा भास विकत घेतो. आणि आपल्या देशात या मालकीला जात आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात अस्पृश्याच्या सावलीचा विटाळ होत होता. त्याच पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकल्या जात होत्या, नाटकशाळा पोसल्या जात होत्या, शृंगारिक लावणीला बिदागी मिळत होती. १८१८ साली पेशवाई बुडाली, पण ही रीत बुडाली नाही. ढोलकीफडाच्या तमाशात महार-मांग आणि संगीतबारीत मुख्यतः कोल्हाटी समाजाच्या बाया नाचत राहिल्या. दिवसा जिच्या हातचे पाणी चालत नाही, तिच्यासाठी रात्री बैठकीत गादी टाकली जाते. पैसा विटाळ संपवत नाही. तो त्याला रात्रीपुरता बाजूला ठेवतो. सकाळी विटाळ पुन्हा जागेवर असतो.

या व्यवहाराचे टोक म्हणजे चिरा. कोल्हाटी समाजात वयात आलेल्या मुलीचा चिरा उतरवण्यासाठी श्रीमंत माणूस मोठी रक्कम मोजत असे. त्यानंतर त्या मुलीला लग्नाची वाट बंद होई. तिची मुले बापाच्या नावावाचून वाढत. किशोर शांताबाई काळे यांनी आपल्या नावात आईचे नाव लावले आणि १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहिले, तेव्हा त्या रकमेची खरी पावती मराठी वाचकाच्या हातात पडली.

आणि तो पैसा तिच्या हाती तरी राहतो काय? थिएटरमालकाचा वाटा, पार्टीमालकिणीचा वाटा, पेटी-तबल्याचा वाटा, आणि उरेल त्यावर डोळा ठेवून बसलेले घरातले भाऊ. मांग समाजातल्या विठाबाई नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. त्यांच्यावर किती दौलतजादा झाली असेल! त्या २००२ साली गेल्या, त्या हलाखीतच. उधळलेल्या पैशाला ना पेन्शन असते ना औषधपाणी.

हा केवळ आपलाच दोष आहे काय? १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातून घेतले. म्हणून तिथलाच एक दाखला तपासून पाहू. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'लस्टी लेडी' नावाचे नग्ननृत्याचे थिएटर होते. तिथे सर्वांसाठीचा मंच वेगळा आणि एका गिऱ्हाईकाने एकाच नर्तकीला पाहायची खास खोली वेगळी. खास खोलीचा दर जास्त, म्हणून नर्तकीची कमाईही जास्त. पण त्या खोलीच्या पाळ्या काळ्या स्त्रियांच्या वाट्याला येत नव्हत्या. शिव्हॉन ब्रुक्स या काळ्या नर्तकीने याविरुद्ध तक्रार केली. पुढे त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक झाल्या आणि याच धंद्यातील वर्णभेदावर त्यांनी २०१० साली पुस्तक लिहिले. म्हणजे जिथे जादा पैसा असतो तिथे वर्णाची राखण अधिक कडक असते. आपल्याकडे जात बाईला खास बैठकीत ढकलते, तिकडे वर्ण तिला खास खोलीबाहेर ठेवतो. दोन्हीकडे दर ठरवणारा मात्र वरचाच.

तिथल्या नर्तकींनी १९९६ साली युनियन केली आणि १९९७ साली करार मिळवला. २००३ साली थिएटर सहकारी तत्त्वावर स्वतःच चालवायला घेतले. २०१३ साली ते बंद पडले. पण त्यांनी बक्षिशी वाढवून मागितली नव्हती. त्यांनी कामगाराचा हक्क मागितला होता.

आपल्या सरकारने काय केले? २००५ साली कायदा दुरुस्त करून डान्सबारमधील नाच बंद केला. परंतु तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना सूट दिली! साध्या बारमध्ये जो नाच अश्लील, तोच भारी हॉटेलात संस्कृती. मनूने जातीवर शिक्षा ठरवली, या कायद्याने खिशावर ठरवली. २००६ साली उच्च न्यायालयाने आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद नाकारला. पण मधल्या काळात हजारो बाया रस्त्यावर आल्या, त्यांचे पुनर्वसन कुणी केले नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बक्षिशी देता येईल, पण नोटा उधळता येणार नाहीत. उधळणे आणि देणे यांतला फरक आपल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या आज्यांच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतले जात होते.

येथे बाबासाहेबांना टाळून पुढे जाता येत नाही. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी पवळाबाईच्या तमाशाचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी हकिगत चळवळीत सांगितली जाते. १९३६ साली मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर त्यांनी हे जिणे सोडण्याचे आवाहन केले. ते शब्द कठोर होते. ते ऐकणाऱ्या बाईने मनात विचारले असेल, 'मग खायचे काय?' हा प्रश्न मला अजून छळतो. पण बाबासाहेबांची हाक आणि सरकारची बंदी या एकच गोष्टी नव्हेत. बाबासाहेब तिला आपल्यात या म्हणत होते. बंदी तिला नजरेआड हो म्हणते.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाचे बिल आणले. वतनातही मजुरी नव्हती, गावाच्या मर्जीने मिळणारे बलुते होते. ते पोट भरते असे वाटे आणि त्यानेच माणूस बांधला जाई. दौलतजादा हे बाईचे वतन आहे. त्याची भाकर गोड लागते, म्हणून ते सुटत नाही.

म्हणून 'पैसे वसूल झाले का?' या प्रश्नाला माझे उत्तर आहे : गिऱ्हाईकाचे झाले असतील, तिचे कधीच झाले नाहीत. कार्यकर्त्यांनी कलाकेंद्रासमोर जाऊन बाईला नीती शिकवू नये. तिच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव लागते की नाही ते पाहावे. तिला नाचायचे असेल तर ठरलेली मजुरी, सोडायचे असेल तर दुसरे काम, आणि दोन्ही वेळी आपल्या वस्तीत दार उघडे, एवढे मागावे. वरून पडणारा पैसा झेलायला आपण हात पसरत राहिलो, तर हात वर उचलणार कधी?