भरल्या पोटीं उपासमार

रानांत किंवा वाळवंटांत माणूस दगावला म्हणजे त्याच्याजवळ साधनें अपुरीं होतीं, असा निर्णय आपण लागलाच देऊन टाकतों. साधनें विकत मिळतात, म्हणून त्यांची उणीव चटकन ध्यानांत येते. ज्ञान आणि नम्रता हीं बाजारांत मिळत नाहींत, म्हणून त्यांची उणीव ध्यानांत येण्यास उशीर लागतो. शिदोरीची वाण नसतां निघालेलीं माणसें शेवटीं कशीं मरतात, याचें एक विलक्षण उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या इतिहासांत नमूद आहे. तें येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८६० च्या ऑगस्ट महिन्याच्या २० तारखेस मेलबर्न शहरांतून एक मोहीम निघाली. दक्षिण किनाऱ्यापासून उत्तरेच्या कार्पेंटारिया आखातापर्यंत तें अफाट खंड उभें ओलांडावयाचें, हा तिचा हेतु होता. १९ माणसें, २३ घोडे, पंचविसांवर उंट, सहा गाड्या आणि सुमारें २० टन सामान असा तिचा थाट होता. दोन वर्षें पुरेल इतकें अन्न तर होतेंच. फार काय, टेबल आणि खुर्च्याही होत्या! उंटांपैकीं बहुतेक त्या वेळच्या हिंदुस्थानांतून कराची बंदरामार्गें नेलेले होते, आणि त्यांना सांभाळणारे उंटवालेही इकडूनच गेले होते. मोहिमेचा नायक रॉबर्ट ओहारा बर्क हा पोलिस अधिकारी होता. तो शूर होता यांत संशय नाहीं. परंतु अशा मुलखांत प्रवास करण्याचा त्यास मुळींच अनुभव नव्हता, आणि धीर धरणें हा तर त्याचा स्वभावच नव्हता.

जड सामानानें वेग मंदावला, तेव्हां बर्कनें बरेंचसें सामान व कांहीं माणसें वाटेंत मागें ठेविलीं. खंडाच्या मध्यभागीं कूपर्स क्रीक नांवाच्या नदीवर त्यानें तळ दिला, तेथें ब्राहे नांवाच्या माणसाच्या हाताखालीं कांहीं मंडळी ठेविली, आणि तीन महिने वाट पहावी असें सांगून १६ डिसेंबर १८६० रोजीं विल्स, किंग व ग्रे या तिघांसह तो उत्तरेस निघाला. फेब्रुवारी १८६१ मध्यें बर्क व विल्स भरती-ओहोटीच्या पाण्यापर्यंत पोंचले. दलदल व खारफुटीचें रान यांमुळें समुद्राचें दर्शन मात्र घडलें नाहीं. परतीच्या वाटेवर ग्रे मरण पावला. त्याचें प्रेत पुरण्यांत एक दिवस गेला. २१ एप्रिलच्या संध्याकाळीं उरलेले तिघे तळावर येऊन पाहतात तों तळ ओस! चार महिन्यांहून अधिक वाट पाहून ब्राहे त्याच दिवशीं सकाळीं निघून गेला होता. नऊ-दहा तासांचें अंतर पडलें.

ब्राहेनें अन्न पुरून ठेवून झाडावर खणण्याची सूचना कोरली होती, त्यामुळें तें त्यांस मिळालें. ब्राहेची मंडळी त्या रात्रीं सुमारें १४ मैलांवर उतरली होती. पण थकलेल्या उंटांनीं तिला गांठणें अशक्य, असें बर्कनें ठरविलें. आल्या वाटेनें परतावें, हें विल्स व किंग यांचें मत बाजूस सारून त्यानें सुमारें १५० मैलांवरील माउंट होपलेसच्या बाजूची वस्ती गांठण्याचा बेत केला.

येथें जी चूक घडली ती दुर्दैवाची नव्हे, केवळ हलगर्जीपणाची होय. निघण्यापूर्वीं त्यांनीं चिठ्ठी त्याच खड्ड्यांत पुरली, माती पूर्ववत् सारखी केली, आणि झाडावर एकही नवी खूण केली नाहीं. ८ मे रोजीं ब्राहे मनांत शंका येऊन परत आला. सारें जसेंच्या तसें दिसलें, म्हणून खणल्यावांचून निघून गेला, आणि त्यानेंही खूण ठेविली नाहीं. त्या महिन्याच्या अखेरीस विल्स पुन्हां तेथें आला. त्यालाही कोणी येऊन गेल्याचा माग लागला नाहीं. एका बाजूनें चाकूचे चार घाव झाडावर घातले असते, तर बहुधा दोन जीव वांचले असते. संकटकाळीं आपण कोठून आलों व कोठें जात आहों हें मागाहून येणाऱ्यास कळविणें, ही विद्या अन्नपाण्याइतकीच मोलाची आहे, हें यावरून उघड होतें.

पुढें एक उंट चिखलांत रुतला, दुसरा चालेनासा झाल्यानें त्यास गोळी घालावी लागली. पाणी वाहून नेण्यास साधन उरलें नाहीं, म्हणून नदीचा कांठ सोडवेना. परंतु ज्या कांठास ते मृत्यूचा तुरुंग समजत होते, तोच कांठ यांद्रुवांधा नांवाच्या लोकांचें घर होता. त्या लोकांनीं या परक्यांस मासे दिले, नारडू नांवाच्या वनस्पतीच्या भाकरी दिल्या. ही नेच्याच्या वर्गांतील चार पानांची पाणवनस्पति. तिच्या बीजकोशांचें पीठ होतें. पण एकदां वस्तु नेण्यावरून कुरबूर झाली, तेव्हां बर्कनें त्यांस भिवविण्यासाठीं पिस्तूल झाडलें. मैत्री तुटली आणि अन्नाबरोबर ज्ञानाचाही झरा आटला.

मग तिघांनीं नारडू स्वतः वेंचून, स्वतः दळून खाण्यास आरंभ केला. पोट भरे, भूकही शमे, पण हातापायांतील शक्ति दिवसेंदिवस ओसरत चालली. याचें कारण अलीकडे शास्त्रज्ञांनीं सुचविलें आहे. नारडूंत थायमिन हें जीवनसत्त्व नष्ट करणारें एक द्रव्य असतें. यांद्रुवांधा लोक तें पुष्कळ पाण्याबरोबर दळीत, आणि त्यांच्या आहारांत मासेही असत. प्रवाशांनीं पीठ पाहिलें, पण तें करण्याची रीत पाहिली नाहीं. तेव्हां बेरीबेरीनें त्यांस ग्रासलें असावें, असें अनुमान इ. स. १९९४ मध्यें प्रसिद्ध झालें. जून १८६१ च्या अखेरीच्या सुमारास विल्स आणि बर्क दोघेही मरण पावले.

किंग मात्र वांचला. तो पूर्वीं हिंदुस्थानांत लष्करी नोकरींत होता. एकटा पडल्यावर तो यांद्रुवांधा लोकांस शरण गेला. त्यांच्यासाठीं पक्षी मारी आणि ते देतील तें खाई. सप्टेंबर १८६१ मध्यें हॉविटच्या शोधपथकास तो त्यांच्यांतच सांपडला. ज्या भूमींत दोन वर्षांचा शिधा घेऊन निघालेल्या मोहिमेचा नायक मेला, त्याच भूमींत तो आश्रित होऊन जगला!

मेलबर्ननें बर्क व विल्स यांची मोठ्या समारंभानें अंत्ययात्रा काढली व त्यांचा पुतळा उभारला. यांद्रुवांधा लोकांच्या वांट्यास आभाराचे पितळी पट्टे आले. इतिहासाचा हा हिशेब आम्हांस उफराटा वाटतो. आमच्या सह्याद्रीच्या परिसरांतील वनवासी लोकही कडूकंद राखेबरोबर उकडून व धुऊन खाण्याजोगा करतात. हें ज्ञान कोणा पूर्वजानें पोट दुखवून घेऊन, कदाचित् प्राणही देऊन मिळविलेलें असतें. आज पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढणाऱ्या तरुणांनीं दोर, दिवा, औषधें अवश्य घ्यावींत. परंतु पायथ्याच्या वाडींत घटकाभर बसून पाणी कोठें आहे, वाट कोठें चुकते, हें विचारावें, आणि आपण कोणत्या बाजूस जात आहों व केव्हां परतणार हें सांगून निघावें. ज्यास आपण ओसाड रान म्हणतों, तें बहुधा कोणाचें तरी घर असतें. आणि परक्या घरांत शिरणाऱ्यानें दारांत उभें राहून हांक मारावी, हाच शहाणपणा होय.