दम्याचा पंप कोणता घ्यायचा? श्वास, हात आणि खिसा बघून ठरवा

नागोठणे : उन्हाळ्यात राब भाजण्याचा धूर, पावसाळ्यात भिंतींना ओल, दिवाळीच्या आसपास भातझोडणीची धूळ. दमेकऱ्याला वर्षभर काही ना काही निमित्त असतंच. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या बायकांनाही सीओपीडी हा फुप्फुसाचा आजार होतो. औषध म्हणून डॉक्टर पंप लिहून देतात आणि घरात पहिला प्रश्न येतो, ‘सवय तर लागणार नाही ना?’

पंपाची सवय लागत नाही. आजार राहतो म्हणून औषध राहतं. सल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे त्याच्या चाळीसपट. गोळी आधी पोटात, मग रक्तात आणि शेवटी छातीत पोचते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं थोडंसं औषध थेट श्वासनळीत जातं.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक फवाऱ्याचा, दुसरा कॅप्सूलमधल्या पावडरीचा. दोन्हींची ओढण्याची पद्धत उलटी आहे आणि गडबड होते ती इथेच. फवारा हलवून, पूर्ण श्वास सोडून, दाबता दाबता सावकाश ओढायचा. पावडर मात्र जोरात, खोल ओढायची. दोन्हींत नंतर जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत श्वास रोखायचा. दुकानात एक मिळाला नाही म्हणून दुसरा घेतला आणि जुन्याच पद्धतीने ओढला, तर औषध घशातच राहतं. मग ‘हे औषध लागूच पडत नाही’ म्हणून पंप फळीवर जातो. कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारेही आहेत. ती गिळायची नाही.

आजोबांचा श्वास अगदी कमी असेल तर पावडर ओढली जात नाही. बोटं वाकडी झालेल्या आजीला फवारा दाबता येत नाही, पण यंत्रात कॅप्सूल बसवणंही तिला जड जातं. अशा वेळी फवारा घरातल्या कुणी दाबावा आणि मध्ये स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी, लावावी. लहान मुलांना स्पेसर हवाच, अगदी लहानांना मास्कसकट. स्पेसर परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगावं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनमध्ये दम्याच्या मुलांवर झालेल्या, १९९९ साली छापून आलेल्या अभ्यासात ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीचा नीट सांधलेला स्पेसर विकतच्या इतकाच उपयोगी ठरला होता. मात्र बाटली कशी कापायची ते दवाखान्यातच शिकावं.

आंबेकाठच्या दमट हवेत पावडर ओल धरते. कॅप्सूल घ्यायच्या वेळीच बाहेर काढावी. यंत्र धुतलं तर पूर्ण सुकल्याशिवाय वापरू नये.

पैशाचंही मोकळेपणाने बोलावं. कॅप्सूल महिन्याच्या हिशोबाने घेता येतात, फवाऱ्याला एकदम रक्कम लागते. एसटीत, कामावर चारचौघांत पंप काढायला लाज वाटते, हेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे. रोजचं औषध बहुतेकदा सकाळ-संध्याकाळ घरीच घेता येतं. खिशात ठेवायचा तो फक्त धाप लागल्यावरचा. उलट बरं वाटलं म्हणून रोजचा बंद करून नुसत्या धापेच्या पंपावर राहणं धोक्याचं आहे. आतली सूज तशीच राहते आणि एखाद्या रात्री मोठा झटका येतो. रोजच्या पंपात बहुधा स्टेरॉइड असतं, म्हणून घेतल्यावर चूळ भरावी, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

दुकानातून निघण्याआधी, किंवा पुढच्या खेपेला दवाखान्यात, पंप ओढून दाखवावा आणि चूक विचारावी. फवारा संपला का, हे डबी पाण्यात तरंगवून कळत नाही. २०० फवाऱ्यांचा पंप सकाळी दोन, संध्याकाळी दोन घेतले तर ५० दिवस जातो. सुरू केल्याची तारीख डबीवर लिहून ठेवावी. पंप घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर १०८ ला फोन करावा.