चार अक्षरांचं कूळ

घरच्या संगणकावर व्हिडिओ जोडायला बसावं, एका फाइलचा नुसता आवाज यावा आणि चित्राच्या जागी काळी चौकट दिसावी, असं अनेकांचं झालेलं आहे. फाइलच्या नावामागे एव्हीआय असतं, सॉफ्टवेअर म्हणतं एव्हीआय चालतं, आणि तरी चित्र येत नाही. या अडचणीचं मूळ संगणकावर व्हिडिओ रुळण्याच्या आधीचं, १९८५ सालातलं आहे.

त्या वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या जेरी मॉरिसन यांनी आयएफएफ ही रचना मांडली. अमिगा संगणकावर एका प्रोग्रॅममध्ये काढलेलं चित्र दुसऱ्यात उघडता यावं, हा तिचा हेतू. फाइलचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर चार अक्षरांची खूण आणि त्याची लांबी लिहायची. खूण ओळखीची असेल तर तुकडा वाचायचा, नसेल तर लांबीइतकी उडी मारून पुढे जायचं. ही युक्ती मला फार मोलाची वाटते. उद्या कुणी नव्या प्रकारचा तुकडा घातला तरी जुना प्रोग्रॅम कोलमडत नाही. पण न कळलेलं मुकाट्याने ओलांडून जायची सवयही तिथूनच लागली.

१९९१ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी हीच रचना उचलली, इंटेलच्या प्रोसेसरला सोयीचा व्हावा म्हणून आकड्यांतल्या बाइट्सचा क्रम उलटा केला आणि तिला रिफ नाव दिलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये रिफच्या पोटी एव्हीआय जन्मलं. सुरुवातीची सीडी-रॉम सेकंदाला जेमतेम १५० किलोबाइट वाचायची आणि इकडून तिकडे उड्या मारायला तिला वेळ लागायचा. म्हणून चित्र आणि आवाज यांचे तुकडे आलटून पालटून रचले. अ‍ॅपलचं क्विकटाइम वर्षभर आधीच आलं होतं. त्यातही चार अक्षरांच्याच खुणा. पुढे एमपी४ क्विकटाइमच्याच पायावर उभं राहिलं, म्हणून एमओव्ही आणि एमपी४ इतकी सारखी.

या सगळ्यांत ठरलेलं होतं ते फक्त वेष्टन. आतलं चित्र कोणत्या पद्धतीने आवळलंय, ते पुन्हा चार अक्षरांत लिहायचं. ती पद्धत उलगडणारा कोडेक संगणकावर असला तर ठीक.

तो नसायचा. १९९९ च्या सुमारास फ्रान्सच्या जेरोम रोटा यांनी मायक्रोसॉफ्टच्या एमपीईजी-४ कोडेकमध्ये फेरफार करून, एव्हीआयमध्ये घालायला मनाई असलेलं चित्र त्यात घालून दाखवलं. हेच ते पहिलं डिव्हएक्स. पुढच्याच वर्षी विंडोज एमईसोबत मूव्ही मेकर हे व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर घराघरांत आलं. वेष्टन ओळखीचं, आतला माल अनोळखी; आवाज साध्या एमपी३ मध्ये असला तर तेवढा ऐकू यायचा. मग लोक मिळेल तिथून कोडेकचे गठ्ठे उतरवून घेत आणि ते एकमेकांशी भांडत.

खरा उतारा २००० मध्ये फाब्रीस बेलार यांनी सुरू केला: एफएफएमपेग. शेकडो पद्धती उलगडण्याची ताकद आज या एकाच मुक्त प्रकल्पात आहे, आणि रूपांतर करणारी पुष्कळशी फुकट सॉफ्टवेअर आतून त्याच्यावरच चालतात. त्याचं एक काम मात्र फार कमी लोक वापरतात: आतल्या चित्राला धक्का न लावता नुसतं वेष्टन बदलणं. चित्र पुन्हा आवळायला बराच वेळ जातो आणि प्रत्येक वेळी थोडा तपशील कायमचा हरवतो. वेष्टन बदलायला सहसा काही सेकंद पुरतात आणि चित्र जसंच्या तसं राहतं. बाळाच्या बारशाचं एकुलतं एक चित्रण हाताशी असेल तर हा फरक किरकोळ नाही. म्हणून आधी मीडियाइन्फोसारख्या साधनाने आत काय आहे ते पाहावं. आतली पद्धत आपल्या सॉफ्टवेअरला कळत असेल तर वेष्टनच बदलावं, आणि ती कळतच नसेल तरच रूपांतराला हात घालावा.

कधी कधी वेष्टनही बदलावं लागत नाही. एचईव्हीसी पद्धतीचं चित्र एमपी४ मध्ये ‘एचव्हीसी१’ किंवा ‘एचईव्ही१’ अशा दोन खुणांखाली ठेवता येतं. अ‍ॅपलची सॉफ्टवेअर पहिली खूण मानतात, दुसरी नाकारतात. बहुतेक वेळा एफएफएमपेगने तेवढी चार अक्षरं बदलून दिली की न उघडणारी फाइल मॅकवर चालू लागते.