मिल्वॉकी

मिल्वॉकी : अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील सर्वांत मोठे शहर. लोकसंख्या ५,७७,२२२ (२०२०). शिकागोच्या उत्तरेस सुमारे १४५ किमी.वर, मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठी ते वसले आहे. जर्मन स्थलांतरित, बिअरचे कारखाने, हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली आणि तीन समाजवादी महापौर ही त्याची जुनी ओळख. अलीकडे मात्र वंशानुसार बदलणाऱ्या दारिद्र्यामुळे त्याचे नाव अधिक घेतले जाते. येथील साधारण एक-चतुर्थांश रहिवासी दारिद्र्यरेषेखाली आहेत. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त असून हिस्पॅनिक रहिवासी या दोहोंच्या मध्ये येतात.

दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय कामगार येथे इतर औद्योगिक शहरांच्या मानाने उशिरा पोहोचले. १९४० मध्ये ते जेमतेम दीड टक्का होते. त्यांची मोठी लाट दुसऱ्या महायुद्धानंतर आली. कारखान्यांत काम मिळाले, पण घर फक्त उत्तर भागात. मनॉमनी नदीच्या खोऱ्यावरील सोळाव्या रस्त्याचा पूल आफ्रिका आणि पोलंड यांना जोडतो, म्हणून तो जगातील सर्वांत लांब, असे गावात गमतीने म्हणत. दक्षिणेस पोलिश वस्ती होती. गंमत कडवट असली तरी भूगोल अचूक होता. नगरसेविका व्हेल फिलिप्स यांनी १९६२ पासून घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध ठराव वारंवार मांडला. त्याला मत पडे ते त्यांचे एकटीचेच. ऑगस्ट १९६७ मध्ये धर्मगुरू जेम्स ग्रॉपी आणि कृष्णवर्णीय तरुण याच पुलावरून दक्षिणेकडे निघाले, तेव्हा त्यांच्यावर दगड-बाटल्या पडल्या. मोर्चे दोनशे रात्री चालले. नियम १९६८ मध्ये झाला. तोवर वॉलनट रस्त्याभोवतीची ब्रॉन्झव्हिल ही भरभराटीची कृष्णवर्णीय पेठ महामार्गासाठी बव्हंशी पाडली गेली होती.

घराची दारे कायद्याने उघडली, तेव्हा कारखान्यांची बंद होऊ लागली. श्लिट्झची येथील भट्टी १९८१ मध्ये थांबली, ॲलिस-चामर्सचे १९८७ मध्ये दिवाळे निघाले. नव्या नोकऱ्या गोऱ्या उपनगरांत गेल्या. तेथे बस क्वचितच पोहोचे. महानगर परिसरातील १६ ते ६४ वयाच्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी १९७० मध्ये सुमारे ७३ टक्के कामावर होते, २०१० मध्ये सुमारे ४५ टक्के. तेव्हा ही विषमता केवळ शिक्षणाच्या उणिवेवर ढकलणे अपुरे ठरते.

समाजशास्त्रज्ञ मॅथ्यू डेझमंड यांचे ‘इव्हिक्टेड’ (२०१६) हे पुलित्झरविजेते पुस्तक याच शहरातील भाडेकरूंवर आहे. गोरे गरीबही त्यात आहेत, पण ते दक्षिण टोकाच्या ट्रेलर-वस्तीत राहतात.