जपानमधील आमांशाच्या साथी आणि औषधप्रतिकाराच्या संक्रमणाचा शोध

रोगजंतूंनी औषधांना दाद न देणे ही गोष्ट औषधांइतकीच जुनी आहे. पॉल एर्लिक याच्या प्रयोगशाळेतही ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आढळून आलेली होती. परंतु एका जातीच्या जंतूने मिळविलेला प्रतिकार दुसऱ्या जातीच्या जंतूला देता येतो, आणि तोही एकाच वेळी चारचार औषधांविरुद्धचा, ही कल्पना १९५९ पूर्वी कोणाही प्रतिष्ठित जंतुशास्त्रज्ञाने गंभीरपणे मांडलेली दिसत नाही. ती मांडली गेली जपानमध्ये, आणि तिचे मूळ अनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळेत नसून आमांशाच्या रुग्णांच्या मलपरीक्षेत आहे. विज्ञानाच्या इतिहासात या क्रमाला महत्त्व आहे.

जपान व आमांश यांचा संबंध जुना होता. १८९७ साली तेथे आलेल्या साथीत नव्वद हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि त्यांतील पाचांपैकी एकाहून अधिक दगावले. त्या साथीतच कितासातो यांच्या संस्थेत काम करणाऱ्या कियोशी शिगा यांनी रोगाचा दंडाणू शोधून काढला. रुग्णाच्या रक्तद्रवाने ज्याचे पुंजके होतात तोच रोगाचा कारक, ही त्यांची कसोटी होती. पुढे या जंतुवंशाला शिगा यांचेच नाव मिळाले. रोगाचे कारण असे लवकर हाती आले, तरी त्यावरील खात्रीचे औषध मात्र मिळाले नाही.

हे औषध दुसऱ्या महायुद्धानंतर आले. उद्ध्वस्त शहरे, दूषित पाणी आणि परत आलेल्या लोकांची दाटी यांमुळे आमांश बळावला असताना सल्फा औषधांचा वापर सुरू झाला व रुग्णसंख्या झपाट्याने खाली आली. हे यश दोनतीन वर्षेच टिकले. १९४९ च्या सुमारास आकडे पुन्हा चढू लागले आणि १९५२ पर्यंत रुग्णांकडून मिळणाऱ्या शिगेला जंतूंपैकी सुमारे ऐंशी टक्के जंतू सल्फा औषधांना जुमानीनासे झाले. तेव्हा वैद्यांनी नव्याने उपलब्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकांकडे धाव घेतली. येथपर्यंतची हकीगत विलक्षण म्हणता येणार नाही. एक औषध निकामी झाले की दुसरे घ्यावे, हा क्रम त्या काळी सर्वत्र चालू होता.

विलक्षण घटना १९५५ मध्ये घडली. हाँगकाँगहून परतलेल्या एका जपानी स्त्रीच्या हट्टी आमांशातून असा शिगेला मिळाला की, जो सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना एकदमच प्रतिकार करीत होता. आरंभी हा अपवाद समजला गेला असल्यास नवल नाही. परंतु त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत अशाच जंतूंच्या साथी जपानमध्ये येऊ लागल्या, आणि १९६४ पर्यंत तेथील शिगेला जंतूंपैकी जवळजवळ निम्मे चारही औषधांचे प्रतिकारक ठरले.

याचा उलगडा तत्कालीन सिद्धांताने होत नव्हता. १९४३ मधील लूरिया व डेलब्रुक यांच्या प्रयोगांनंतर, आणि लेडरबर्ग दांपत्याच्या १९५२ मधील प्रयोगांनंतर तर विशेषच, जंतूंचा प्रतिकार हा यदृच्छेने होणाऱ्या उत्परिवर्तनांतून उद्भवतो व औषध केवळ त्याची निवड करते, हे मत दृढ झाले होते. ते मत चुकीचे नव्हतेच. पण त्याचा हिशेब येथे जमेना. एका औषधाचा प्रतिकार निर्माण करणारे उत्परिवर्तन दहा कोटी जंतूंत एकदा घडते असे धरले, तर चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच जंतूत एकदम घडण्याचा संभव एकावर बत्तीस शून्ये एवढ्या जंतूंमागे एक असा येतो. इतके जंतू कोणत्याही रुग्णाच्या आतड्यात मावणे शक्य नाही. टप्प्याटप्प्याने प्रतिकार वाढला असे म्हणावे, तर ज्या रुग्णांना एकच औषध दिले होते त्यांच्या मलातही चौपट प्रतिकारक जंतू निघत होते.

याहून बुचकळ्यात पाडणारे निरीक्षण असे की, एकाच साथीत, कधी कधी एकाच रुग्णात, एकाच उपप्रकाराचे काही जंतू सर्व औषधांना वश होणारे व काही सर्व औषधांना प्रतिकार करणारे सापडत. आणि अशा रुग्णांच्या आतड्यातील नित्याचे निरुपद्रवी एशेरिकिया कोलाय हे जंतूही त्याच चार औषधांचे प्रतिकारक असत. ज्या संशोधकाच्या मनात फक्त रोगजंतूच असेल त्याला ही दुसरी गोष्ट अप्रस्तुत वाटली असती. ती ज्यांना प्रस्तुत वाटली त्यांनीच हा प्रश्न सोडविला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तोकियो विद्यापीठाचे तोमोइचिरो अकिबा यांनी असे अनुमान मांडले की, प्रतिकार आतड्यातच कोलाय जंतूंकडून शिगेलाकडे जात असावा. नागोयाचे कुनितारो ओचिआई यांनीही स्वतंत्रपणे याच दिशेने काम केले. १९५९ मध्ये दोन्ही गटांनी प्रतिकारक कोलाय व संवेदनशील शिगेला एकाच पोषकद्रवात एकत्र वाढवून दाखविले की, काही काळाने शिगेलाही चारही औषधांचा प्रतिकारक बनतो. प्रयोग इतका साधा आहे की, तो यापूर्वी कोणी का केला नाही असा प्रश्न पडतो. याचे उत्तर असे की, या दोन वंशांत अशी देवघेव होण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते. जंतूंमधील संयुग्मन १९४६ पासून ज्ञात होते, पण त्याचे स्थान प्रयोगशाळेतील विशिष्ट वाणांत मानले जाई. रुग्णालयाशी त्याचा संबंध जोडण्याची सवय नव्हती.

पुढील काम केइओ विद्यापीठाचे त्सुतोमु वातानाबे आणि तोशिओ फुकासावा यांनी केले. जंतू गाळून काढलेल्या द्रवाने प्रतिकार संक्रमित होत नाही, त्यासाठी दोन पेशींचा प्रत्यक्ष संपर्क लागतो, हे सिद्ध झाले होते. अॅक्रिडीन रंगद्रव्यांच्या सान्निध्यात हा प्रतिकार नष्ट होऊ शकतो, असेही त्यांना आढळले. मुख्य गुणसूत्रावर बसलेल्या जनुकाने असे सहजी निघून जाणे अपेक्षित नसते. यावरून प्रतिकाराची सामग्री गुणसूत्राबाहेर, स्वतंत्रपणे विभागणाऱ्या घटकात असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. गुन्मा विद्यापीठाचे सुसुमु मित्सुहाशी यांचेही या घटकाच्या अभ्यासात मोठे कार्य आहे. त्याचे ‘आर’ घटक हे नाव पुढे रूढ झाले. लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये गुणसूत्राबाहेरील आनुवंशिक घटकांसाठी सुचविलेला ‘प्लाझ्मिड’ हा शब्द आज त्यास लावला जातो.

जपानी भाषेत प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाची पाश्चात्त्य जगास त्वरित दखल घेता आली नाही. वातानाबे यांनी १९६१ मध्ये इंग्रजीत निबंध लिहिला आणि १९६३ मध्ये अमेरिकन जंतुशास्त्रीय नियतकालिकात सर्व संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा कोठे परिस्थिती पालटली. त्या आढाव्याच्या शीर्षकातच या प्रतिकाराला ‘संसर्गजन्य आनुवंशिकता’ म्हटले आहे. या शब्दयोजनेत काहीसा विरोधाभास असला तरी ती नेमकी आहे: रोगाचा संसर्ग माणसामाणसांत होतो, येथे गुणधर्माचाच संसर्ग जंतूजंतूंत होतो. लंडनमध्ये नाओमी दत्ता यांनी १९५९ मधील साल्मोनेला टायफिम्युरियमच्या एका रुग्णालयीन साथीतील जंतूंचा अभ्यास करून १९६२ मध्ये तेथील प्रतिकारही संक्रमणशील असल्याचे दाखवून दिले. जपानचा प्रश्न हा केवळ जपानचा नव्हता, हे यामुळे कळून आले. त्यानंतर ई. एस. अँडरसन यांनी वासरांतील साल्मोनेलाचा माग काढल्यावर पशुखाद्यातील प्रतिजैविकांचा प्रश्न ब्रिटनमध्ये राजकीय विषय बनला. १९६९ च्या स्वान समितीच्या अहवालाने खाद्यातील आणि उपचारातील औषधे वेगळी ठेवावीत, अशी शिफारस केली.

या ज्ञानाचा उपयोग किती झाला, याचे उत्तर मध्य अमेरिकेने दिले. १९६९ मध्ये ग्वातेमालात शिगा दंडाणूचा आमांश उसळला. प्रारंभी तो अमीबाजन्य समजला गेल्याने बराच काळ चुकीचे उपचार झाले. जंतू ओळखला गेला तेव्हा तो सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल यांस प्रतिकारक असल्याचे दिसले. जपानमधील तीच चौकडी. ग्वातेमालात हजारो बळी गेले. १९७२ मध्ये मेक्सिकोत क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या विषमज्वराची साथ आली व रुग्णसंख्या दहा हजारांवर गेली. दोन्ही साथींतील प्लाझ्मिडे निरनिराळ्या कुळांतील होती, म्हणजे एका जंतूने दुसऱ्यास थेट वारसा दिला असे मानण्यास आधार नाही. सारख्या औषधांच्या दाबाखाली दोन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या. त्याच वर्षी केरळातील कालिकत येथेही क्लोरॅम्फेनिकॉल-प्रतिकारक विषमज्वराचे जंतू आढळले व त्यांचाही प्रतिकार संक्रमणशील ठरला. १९८४ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बहुऔषधप्रतिकारक शिगा आमांशाची साथ आली, तेव्हा नॅलिडिक्सिक आम्लाचा आधार घेण्यात आला. काही वर्षांतच तोही डळमळला. २०१६ पासून सिंध प्रांतातील हैदराबाद व भोवतालच्या भागांत पसरलेल्या विषमज्वराच्या जंतूने सेफ्ट्रिअॅक्सोन या औषधाविरुद्धचा प्रतिकारही प्लाझ्मिडावरूनच मिळविलेला आहे.

हे घटक आले कोठून, हा इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत आकर्षक प्रश्न. प्रतिजैविकांनी ते निर्माण केले काय? याचे उत्तर १९८३ मध्ये ह्यूज व दत्ता यांनी दिले. ई. जी. डी. मरे या जंतुशास्त्रज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात जमविलेल्या शेकडो आंत्रजंतूंचा संग्रह जपून ठेवलेला होता. तो तपासता सुमारे चोवीस टक्के जंतूंत संक्रमणक्षम प्लाझ्मिडे होती, परंतु संक्रमणशील औषधप्रतिकार मात्र त्यांवर नव्हता. वाहने आधीपासून धावत होती. त्यांवर लादलेला माल पुढे आला. १९७४ मध्ये हेजेस व जेकब यांनी ज्यांना ‘ट्रान्सपोझॉन’ म्हटले, त्या एका डीएनए-रेणूवरून दुसऱ्यावर उडी घेणाऱ्या घटकांमुळे हा माल कसा चढला हे समजण्यास मार्ग मिळाला.