खांद्यावरची बंदूक

घराच्या राखणीला बंदूक ठेवायची, तर तिला पूर्ण दस्ता हवा की नुसती पिस्तुलासारखी मूठ? अमेरिकेत हा वाद जुना आहे. छर्र्यांची बंदूक खांद्याला टेकवली की धक्का अंग सोसते आणि नेम स्थिर राहतो. दस्ता कापून मूठच ठेवली, तर धक्का मनगटावर येतो, नेम सुटतो. मग आखूड करायची कशाला? बहुधा कोटाखाली लपवायला. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांनी तेच केले.

म्हणून 1934 साली अमेरिकी काँग्रेसने 18 इंचांहून आखूड नळीच्या अशा बंदुकांवर नोंदणीची सक्ती आणि 200 डॉलर कर लादला. पुढे एकूण 26 इंच लांबीची अटही आली. मूळ विधेयकात पिस्तुलेही होती, पण ती वगळली गेली. 1939 साली मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. आरोपींची बाजू मांडायला तेव्हा वकीलच हजर नव्हता. 2008 साली हेलर खटल्यात त्याच न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला.

म्हणजे लपवता येते म्हणून आखूड बंदूक अडवली आणि सर्वांत सहज लपणारे पिस्तूल घरात राहिले. राखणीचे हत्यार कोणते आणि लपवायचे कोणते, ही रेघ कायद्याने इंचांनी आखली होती. पिस्तुलापाशी येऊन ती पुसली गेली.