वही कोणाच्या घरी?

आमचं गाव आष्टी. असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "बीडची का वर्ध्याची?" तर आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. मी नोकरीमुळे पुण्यात, धाकट्या भावाचं गावी कृषी सेवा केंद्र. बियाणं, खत, औषधं आणि अर्थातच उधारी. या उधारीचा हिशोब ठेवणारा एक छोटा प्रोग्राम मी पूर्वी लिहिला होता, आता तो पुतण्या सांभाळतो. परवा मावशीने विचारलं, "दुकानात तो जुना लॅपटॉप चोवीस तास चालू कशाला ठेवता रे?" उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल.

प्रोग्राम सतत बदलत असतो. कोणी, कधी, काय आणि का बदललं याची नोंद ज्या वहीत राहते तिला रेपॉझिटरी म्हणतात. चुकलेलं पानही त्यात जागच्या जागी राहतं, म्हणून केव्हाही मागे जाता येतं. आज जगभर बहुतेक जण ही वही 'गिट' नावाच्या साधनाने ठेवतात.

गिटचा जन्म झाला तो डोक्यावरचं छप्पर गेल्यामुळे. २००२ पासून लिनक्सचं काम बिटकीपर नावाच्या एका कंपनीच्या साधनावर चालायचं, तेही फुकट वापराच्या परवानगीवर. २००५ मध्ये कंपनीने ती परवानगी काढून घेतली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल महिन्यात काही दिवसांतच स्वतःचं साधन उभं केलं. त्यातली खुबी अशी, की वही उतरवून घेणाऱ्याला नुसतं शेवटचं पान मिळत नाही, पहिल्या पानापासून सगळी वही मिळते. म्हणजे प्रत्येक प्रत मूळ वहीइतकीच पूर्ण.

आणि गंमत बघा. २००८ मध्ये गिटहब आलं आणि आपण सगळ्यांनी आपापल्या वह्या पुन्हा एकाच घरी नेऊन ठेवल्या! यात मूर्खपणा नव्हता. जागा फुकट, सोय उत्तम, शिवाय चार लोक भेटतात. पण घराचा मालक बदलू शकतो. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घेतलं. घर पाडलंही जातं: गिटोरियस २०१५ मध्ये मिटलं, गूगल कोड २०१६ च्या जानेवारीत. आणि कधी रस्ताच बंद होतो. डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या सरकारने दहशतवादविरोधी पथकाच्या सल्ल्यावरून ३२ संकेतस्थळं अडवली, त्यात गिटहबचा एक भागही होता. पुढे ती बंदी उठली. जिओसिटीज २००९ मध्ये गेलं तेव्हा आपल्यापैकी काहींची पानं गेली होती, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझंही असंच गेलं. उधारीचा पहिला प्रोग्राम मी अण्णांना शेजारी बसवून लिहिला होता. ते सांगत आणि मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं शेरा म्हणून कोडमध्ये टाकत असे. व्याज कापूस विकल्यावर मोजायचं, आधी नाही. घरात मयत झाली असेल तर त्या वर्षी तगादा नाही. असे वीसेक नियम असतील. ती वही मी एका फुकट जागी ठेवली आणि निर्धास्त झालो. पुढे ती सेवा बंद झाली. तसं पत्र त्यांनी आधी पाठवलं होतं, मीच ते उघडलं नाही. माझ्याकडची प्रत होती ती डिस्क तोवर खराब झालेली. दुकानात प्रोग्राम चालूच राहिला, पण चालत्या प्रोग्राममध्ये शेरे नसतात. अण्णाही तोवर गेले होते. नियम मला आठवतात, त्यांचे शब्द आठवत नाहीत.

तरी मी शहाणा झालो नाही. नवी वहीही दुसऱ्याच्याच घरी. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना जिल्ह्यात इंटरनेट काही तास बंद राहिलं. पुतण्याच्या लॅपटॉपवर केलेली दुरुस्ती दुकानाच्या संगणकावर जाईना. दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर, पण निरोप जायचा तो सातासमुद्रापलीकडून! फोनवर तो म्हणाला, "काका, कामून इतक्या दूर ठेवली आपण वही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग जागेचा शोध सुरू झाला. हाताशी होता दोन जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप. युक्रेनच्या दिमित्री झापोरोझेत्सने २०११ मध्ये सुरू केलेलं गिटलॅब भरलेल्या वाड्यासारखं आहे, पण चार जीबीपेक्षा कमी मेमरीत ते नीट नांदत नाही. २०१४ मध्ये गॉग्स आलं. गो भाषेतलं, एका फाइलीत मावणारं. पण सगळ्या किल्ल्या एकाच माणसाकडे, म्हणून २०१६ मध्ये काही जण वेगळे निघाले आणि गिटी झालं. २०२२ मध्ये गिटीची कंपनी झाली, तेव्हा पुन्हा काही जण बाहेर पडले आणि फोर्जेयो झालं, बर्लिनच्या कोडबर्ग या संस्थेच्या आधाराने. आपल्याकडच्या वाटण्यांची आठवण व्हावी असा सगळा प्रकार! फरक इतकाच, की इथे वाटणीत प्रत्येकाला अख्खं शेत मिळतं.

खरं तर यातलं काहीच नसलं तरी चाललं असतं. नुसतं गिट आणि एक फोल्डर, माझ्यापुरतं तेवढं पुरेसं होतं. पण पुतण्याला पान डोळ्यांनी बघायचं असतं, "अमक्याची उधारी दोनदा दिसते" असं लिहून ठेवायला जागा हवी असते. तेव्हा कळलं, की हलकं म्हणजे फक्त कमी मेमरी खाणारं नव्हे. मी नसताना जे दुसऱ्याला उचलता येतं, ते हलकं.

आम्ही फोर्जेयो बसवलं. हा एस्पेरांतो भाषेतला शब्द, अर्थ लोहाराची भट्टी. प्रोग्राम एका फाइलीत, सगळा डेटा एका फोल्डरात. लॅपटॉप आणि वाय-फायचा डबा इन्व्हर्टरवर, त्यामुळे वीज गेली तरी काम थांबत नाही. फुकटात मात्र काही नाही. नव्या आवृत्त्या बसवणं, प्रती काढणं, ही राखण आता आमच्याच गळ्यात. दर अमावस्येला पुतण्या पेन ड्राइव्हवर प्रत काढतो, तिसरी प्रत माझ्याकडे पुण्यात. घरची वही एकाच घरी ठेवली तर तीही एक दिवस जाईल, एवढं आता समजलंय.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही अण्णांचे आठवतील तेवढे नियम लिहिले. चौदा भरले. भावाला आणखी दोन आठवले. शब्द आमचे, नियम त्यांचे. गेल्या लक्ष्मीपूजनाला भावाने लाल वहीशेजारी तो पेन ड्राइव्ह ठेवला आणि त्यालाही हळदकुंकू लावलं. मावशी, लॅपटॉप चालू असतो तो यासाठी.